दर लिहिलेत, आता प्रत लिहा

ठाण्यात घोडबंदर रोडवर मानपाड्याला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, कारण सुनेच्या मैत्रिणी हे सदर वाचतात. मजकूर थोडक्यात असा: घरात पाच माणसं. ताई मूळच्या मालवणकडच्या, त्यामुळे कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, काजू, सुका जवळा आणि वर्षाचा मसाला याशिवाय त्यांचं पान हलत नाही. सुनेला थाई आणि इटालियन करायची हौस. तिला नारळाच्या दुधाचे डबे, पास्ता, ऑलिव्ह ऑइल, चीज लागतं. खरेदी चार ठिकाणी होते: नौपाड्यातलं कोकणी मालाचं दुकान, जांभळी नाका, मॉलमधलं परदेशी किराण्याचं चकचकीत दुकान आणि अधूनमधून वाशीचं मसाला मार्केट. सुनेच्या मोबाइलवरून दहा मिनिटांत दारात येतं ते वेगळंच.

ताईंनी २०२५च्या मे महिन्यापासून एका वहीत सगळीकडचे दर लिहायला घेतले आणि त्यातून घरात वाद सुरू झाला. यजमान म्हणतात, सगळं वाशीहूनच आणू, दर महिन्याला गाडी काढू. सून म्हणते, दहा-वीस रुपयांसाठी कुठे कुठे फिरता, आणि लोकांसमोर वही काढू नका. सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे नौपाड्याचा दुकानदार. ताई त्याच्याकडे लग्न झाल्यापासून जातात आणि वहीत सगळ्यात चढे दर त्याचेच निघाले. "आता त्याच्या पायऱ्या चढताना चोरट्यासारखं होतं," असं लिहिलंय. प्रश्न दोन: काय कुठून घ्यावं, आणि त्या माणसाशी वागावं कसं?

ताई, वहीच्या पानांचे फोटो जोडलेत ते फार बरं केलंत, नाहीतर मी हवेतच सल्ला दिला असता. अक्षर सुरेख आहे, तारखा आहेत, किलोचा भाव काढलेला आहे. एक रकाना मात्र नाही, आणि तो नसल्यामुळे बाकीच्या रकान्यांवर विसंबता येत नाही. मालाची प्रत कुठेच लिहिलेली नाही.

काजूची ओळ घ्या. नौपाडा ११५०, वाशी ९२०, मोबाइल ९९०. यावरून यजमानांनी निकाल दिला की नौपाड्याचा माणूस लुटतो. पण काजू ही काही एक वस्तू नव्हे. व्यापारी ज्याला डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० म्हणतात त्यातला आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, किती अख्खे गर बसतात तो. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि भाव चढा. अख्ख्याच्या खाली पाकळी, पाकळीच्या खाली तुकडा, त्याच्याही खाली कणी. वाशीला मिळालेला काजू ३२० होता का? नौपाड्यातला २४० असेल तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. शिवाय आपल्याकडे सोलल्या जाणाऱ्या काजूची पुष्कळशी कच्ची बी आफ्रिकेतून जहाजाने येते. त्यात वाईट काही नाही, पण वेंगुर्ल्याच्या बीची गोडी वेगळी आणि तिचा भावही वेगळा. तुम्ही मालवणकडच्या, तुम्हाला हे मी सांगायला नको. दुकानात विचारा, "कुठला आहे आणि डब्ल्यू किती आहे?" जो दुकानदार हे दोन्ही पटकन सांगतो त्याच्याकडे भाव विचारण्यात अर्थ आहे. "ताई, एक नंबर माल आहे" हे उत्तर नव्हे.

आणि आता खरा पैसा कुठे वाचतो ते बघा. पत्रात लिहिलंय की घरातला बहुतेक काजू वाटणात, शिऱ्यात आणि सुनेच्या पास्त्याच्या सॉसमध्ये जातो. मिक्सरमध्ये जायचा काजू अख्खा कशाला हवा? तुकडा घ्या. अख्खा ३२० आणि तुकडा यांच्यात जो फरक पडतो, तो बहुतेक वेळा नौपाडा आणि वाशी यांच्यातल्या फरकापेक्षा जास्त असतो. म्हणजे दुकान तेच ठेवून नुसती प्रत बदललीत तरी काम झालं. पाहुण्यांपुढे ठेवायला पाव किलो अख्खा वेगळा आणा. तुकडा घेताना मुठीत घेऊन हुंगा, खवट वास लगेच कळतो. तुकड्याला हवा जास्त लागते, म्हणून तो अख्ख्याच्या आधी खवट होतो. तेव्हा दोन महिन्यांपुरताच, आणि घरी आल्यावर फ्रिजमध्ये.

कोकमाचंही तेच. तुमच्या वहीत 'आमसूल' एवढंच आहे. वाशीचा दर निम्म्याला आहे हे पाहून मला आधी मिठाची शंका आली. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवतात तेव्हा चांगलं आमसूल होतं. काळसर जांभळं, बोटांत घेतलं की मऊ, दाबलं की किंचित चिकट. घाईने केलेल्या आमसुलाला रसाचे हात कमी आणि मीठ जास्त. मिठाने वजन वाढतं, माल टिकतोही, पण पैसे तुम्ही मिठाचे मोजता. पिशवीच्या तळाशी पांढरे खडे साचलेत का बघा. एक पाकळी चाखायला मागा. कोकणी मालाच्या दुकानात चाखायला मागणं हे अजूनही सगळ्यात साधं आहे, मॉलमध्ये ते जमणार नाही आणि मोबाइलवर तर प्रश्नच नाही. सोलकढीला दहा पाकळ्या पुरतात की वीस लागतात, हा हिशेब किलोच्या दरात दिसत नाही. दिसायला हवा.

जाता जाता एक: तुमच्या वहीत 'कोकम बाटली' अशा एकाच ओळीत नौपाड्याचं आगळ आणि मॉलमधलं कोकम सिरप आहे. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सिरपात निम्म्याहून जास्त साखरच असते. त्या दोन बाटल्यांची तुलना रद्द करा, ओळच खोडून टाका.

आता मिरची. वाशीचा प्रवास सार्थकी लागतो तो इथे, म्हणून जरा बसून बोलू.

मशीद बंदरचा मसाल्याचा घाऊक व्यापार वाशीला हलला तेव्हापासून ठाणे, कळवा, ऐरोलीकडच्या बायका उन्हाळ्यात तिकडे धाव घेतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मार्च-एप्रिलमध्ये नव्या हंगामाची मिरची आलेली असते, एका गल्लीत दहा दुकानांचे ढीग शेजारी शेजारी दिसतात आणि तुलना डोळ्यांनीच होते. वर्षाच्या मसाल्याला पाच-सहा किलो मिरची घेणाऱ्या घराला तिथला दर खरोखर परवडतो. पण तिथेही प्रत ओळखता आली पाहिजे. बेडगी रंगाला. तिच्या सालीवर सुरकुत्या दाट असतात आणि तिखटपणा बेताचा. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून ती ओळखली जाते आणि २०११ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. काश्मिरी म्हणून जे ढीग लावलेले असतात त्यातलं फार थोडं काश्मीरचं असतं. रंगासाठीच घ्यायची तर सरळ बेडगी घ्या आणि नावाचे पैसे वाचवा.

मिरची हातात घ्या आणि मोडा. कोरडी असेल तर कड्कन मोडते, कानाशी हलवली की आत बिया खुळखुळतात. वाकते पण मोडत नाही, ती ओली. मिरचीवर पाणी मारून वजन वाढवतात हे बाजारात कुणापासून लपलेलं नाही, आणि ओली मिरची घरी आणून गच्चीवर वाळवली की किलोला किती भरते ते तुम्हालाच कळेल. रंग विटकरी, काळपट झालेला असेल तर ती शीतगृहातली, गेल्या वर्षीची. देठाची मिरची स्वस्त दिसते. देठ खुडताना तुमचे दोन दिवस जातात आणि देठांचं वजनही तुम्हीच विकत घेतलेलं असतं. तेव्हा देठाची आणि बिनदेठाची असे दोन रकाने करा, एकमेकांत मिसळू नका.

खडा मसाला हा वाशीचा दुसरा फायदा, पण इथे एक फसगत आहे. धणे किलोंनी लागतात, ते घाऊक भावात घ्यावेत. नागकेशर, जायपत्री, त्रिफळ, दगडफूल लागतात तोळ्या-दोन तोळ्यांनी. घाऊक दुकानदार शंभर ग्रॅमच्या खाली हात घालायला तयार नसतो आणि शंभर ग्रॅम नागकेशर एका घराला कितीतरी वर्षं पुरेल. उरलेलं बरणीत पडून वास गमावतं, मग स्वस्तात काय पडलं? म्हणून वाशीला एकटीने जाऊ नका. तुमच्या इमारतीतल्या मसाला करणाऱ्या तीन-चार घरांनी मिळून यादी करा. मिरची ज्याची त्याची, बारीकसारीक मसाले सगळ्यांत मिळून, आणि घरी येऊन काट्यावर वाटे. नौपाड्याचा दुकानदार हेच काम तुमच्यासाठी करतो: शंभर ग्रॅमची पुडी फोडून पाच ग्रॅम देतो. त्याच्या चढ्या दरात ती फोडलेली पुडी असते, उरलेल्या मालाचा तोटा असतो, नौपाड्यातल्या गाळ्याचं भाडं असतं.

यजमानांच्या गाडीबद्दल. दर महिन्याला नको. एकतर विटाव्याच्या पुलाखाली जी कोंडी होते ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल, आणि मार्केटात मालाच्या ट्रकांच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधण्यात त्यांचाच जीव जाईल. दुसरं, गाडी नेली की ती भरली जाते. पाच किलो साबुदाणा, तीन किलो शेंगदाणे, 'भाव चांगला होता म्हणून'. पावसाळ्यात त्याच शेंगदाण्यांना कीड लागते. मोठं घर, मोठं कोठीघर आणि वर्षाचं धान्य भरायची रीत ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी खुशाल भरावं. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बेगमी बेताचीच बरी. वर्षातून एकदा, एप्रिल संपायच्या आत, मसाल्यासाठी गाडी न्या. एरवी एखादी वस्तू खरोखर हवीच असेल तर ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल, तुर्भे किंवा सानपाड्याला उतरून रिक्षा. रविवार टाळा, आणि सकाळच्या वेळी जाऊ नका. तेव्हा घाऊकवाल्यांचा हमालांशी आणि गाड्यांशी व्यवहार चालू असतो, पाव किलोच्या गिऱ्हाइकाकडे बघायला त्यांना फुरसत नसते.

जांभळी नाक्याबद्दल तुम्ही फार थोडं लिहिलंय, बहुधा सवयीचं झालंय म्हणून. माझ्या मते रोजच्या सुट्या मालाला, म्हणजे डाळी, पोहे, गूळ, शेंगदाणे, साबुदाण्याला, ठाणेकराने जांभळी नाका सोडायचं कारण नाही. दुकानं लागून आहेत, एकाने भाव चढा सांगितला की चार पावलांवर दुसरा आहे, आणि स्टेशनहून चालत जाता येतं. फक्त सणाच्या आठवड्यात जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते आणि भावही सुटलेले असतात.

आता सुनेच्या सामानाकडे वळू. इथे चाखणं, हुंगणं, मोडून बघणं काही नाही. सगळं वेष्टनात बंद. मग वेष्टन वाचायचं. सुदैवाने हे काम तुमच्या वहीला सोपं आहे. गेल्या काही वर्षांपासून पाकिटावर एमआरपीच्या जोडीला एकक किंमत छापावी लागते: एक किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमला किती, वरच्यावर किलोला किती. त्याच सुमारास चहा, कॉफी, बिस्किटं यांसारख्या मालाला ठरावीक वजनाच्या पाकिटांचं बंधन होतं ते उठलं. म्हणून हल्ली १८० ग्रॅम, ४२५ ग्रॅम असली विचित्र वजनं दिसतात. दोन डबे सारखेच दिसतात, एकात वीस ग्रॅम कमी. पाकिटाच्या कोपऱ्यातला तो बारीक आकडा तेवढा बघायचा. चष्मा न्या.

परदेशी मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती नसेल तर तो डबा खाली ठेवा, मग तो कितीही स्वस्त असो. छापील एमआरपीवर जास्त किमतीची दुसरी चिकटपट्टी लावणं नियमात बसत नाही. कमी करायची तर लावता येते, पण मूळ किंमत झाकायची नाही. आणि तारीख. चकचकीत दुकानातल्या 'एकावर एक' योजनेत मी सगळ्यात आधी तारीखच बघते. दोन आठवड्यांत संपणारं चीज दोन पाकिटं घेऊन करायचं काय?

ऑलिव्ह ऑइलच्या तुमच्या तीन दरांत दुपटीहून जास्त फरक आहे. माझी खात्री आहे की त्यातली एक बाटली पोमेसची आहे. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळ दाबून काढलेलं तेल. पोमेस म्हणजे ते काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढून शुद्ध केलेलं. तळायला, परतायला पोमेस चालतं. सुनेला ते कच्चं, सॅलडवर घालायचं असेल तर एक्स्ट्रा व्हर्जिनच हवं, आणि तेही लहान, गडद काचेच्या बाटलीत. मोठी बाटली लिटरमागे स्वस्त पडते खरी, पण उघडल्यावर तिचा वास महिन्यागणिक उतरत जातो.

चीज, लोणी, तूप, पास्ता, बदाम, पिस्ता यांच्या ओळींवर एक रेघ ओढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून यांच्यावरचा जीएसटी बाराचा पाच टक्के झाला. मेमधला मॉलचा दर आणि डिसेंबरमधला मोबाइलचा दर समोरासमोर ठेवून 'मोबाइल स्वस्त' असा निष्कर्ष तुम्ही काढलाय, त्यातला काही भाग त्या कराचाच आहे. पुन्हा एकाच आठवड्यातले दर घ्या.

नारळाच्या दुधाच्या डब्याबद्दल मात्र मी पक्षपाती आहे, आधीच सांगते. डब्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, काहींवर नारळाचं प्रमाण टक्क्यांतही असतं. ते बघून घेतलं तर कुठला डबा महाग आणि कुठल्यात पाणी जास्त हे समजतं. पण ज्या घरात सोलकढीसाठी नारळाचा रस पिळला जातो त्या घरात थाई रश्श्याला डबा कशासाठी? सुनेला एकदा पहिला रस काढून द्या. आवडला नाही तर डबा आहेच. तसंच थाई रश्श्याला लागतो तो गवती चहाचा खालचा पांढरट दांडा मॉलमध्ये ट्रेमध्ये गुंडाळून मिळतो. भाजीवालीला आदल्या दिवशी सांगा, "बुडख्यासकट जुडी आण." ती पात कापून आणते, कारण आपण चहाला पातच घेतो.

मोबाइलवरच्या खरेदीला मी नाकं मुरडणार नाही. अडीअडचणीला उत्तम. फक्त सुनेला बिलाचा शेवटचा आकडा वहीत लिहायला सांगा, वस्तूचा नव्हे: पोहोचवण्याचे, हाताळणीचे, लहान ऑर्डरचे असे जे जे पैसे खाली चढतात ते सगळे धरून. तिने स्वतःच्या हाताने लिहिलं की वहीचा राग जाईल असं मी म्हणत नाही, पण आकड्यांवरून वाद तरी होणार नाही. आणि लोकांसमोर वही काढण्याचं म्हणाल, तर तिचंही थोडं ऐका. दुकानात फोटो काढून घरी येऊन लिहा. मॉलमधला तो पोरगा तुमच्या मागेमागे फिरतो, "मे आय हेल्प यू" करतो, त्याला "बघतेय" एवढं सांगून खुशाल बघा. न घेता बाहेर पडलात म्हणून कुणी काही म्हणत नाही, त्या दुकानात तर निम्मे लोक एसी खायलाच येतात.

पत्राच्या शेवटच्या पानावर एका सुक्यामेव्याच्या दुकानात प्लॅस्टिकचा डबा झाकणासकट काट्यावर ठेवून बदाम तोलल्याचं लिहिलंय. त्यावर गप्प बसू नका. वजन मालाचं द्यायचं असतं, डब्याचं नाही. "रिकामा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, मग भरा," एवढं म्हटलं की बहुतेक जण मुकाट्याने करतात. नाहीच केलं तर वैधमापन शास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. बदामाच्या भावात डब्याचं प्लॅस्टिक विकत घेणं ही चैन आपल्याला परवडणारी नाही.

आता नौपाडा. ताई, तुम्हाला चोरट्यासारखं का व्हावं हेच मला कळत नाही. गिऱ्हाइकाने चार ठिकाणी चौकशी करणं त्याला नवीन आहे असं वाटतं का तुम्हाला? वाशीचा आजचा भाव त्याला तुमच्या आधी माहीत असतो. तुम्ही लिहिलंय की गेल्या पावसाळ्यात कुळथाच्या पिठाला वास आला म्हणून तुम्ही अर्धी पिशवी परत नेलीत आणि त्याने एक शब्द न बोलता बदलून दिली. ही गोष्ट तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात आहे? वाशीहून आणलेलं पीठ तुम्ही परत न्यायला गेला असता का, तुर्भ्यापर्यंत? आगळ, आमसूल, कुळीथ, फणसपोळी, मालवणी मसाल्याची अडीअडचणीची पुडी: हे त्याच्याचकडून घ्या, दर चढे असले तरी. ज्या मालाची प्रत चाखूनच कळते तो माल ओळखीच्या माणसाकडून घ्यावा असं माझं मत आहे.

काजूचं मात्र त्याच्याशी सरळ बोला. आडून आडून नको, तुलना लपवूनही नको. "भाऊ, मला वाटणाला तुकडा लागतो, ठेवता का? वाशीला या भावाने मिळतो." तो ठेवेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाला तर काजू दुसरीकडून आणा आणि त्याच पिशवीतून त्याच्याकडे आमसूल घ्यायला जा. लपवायचं काय त्यात? तो रागावेल अशी भीती वाटत असेल तर उलट आहे, बिचाऱ्याला आपण का येईनासे झालो हेच कुणी सांगत नाही. गिऱ्हाईक गुपचूप मोबाइलकडे वळतं आणि त्याला कळतं ते गाळा सोडायची वेळ आल्यावर.

एक हिंगाचं राहिलं. तुमच्या वहीत हिंगाचे पाच दर आहेत आणि सगळे वेगळे. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग मिश्र असतो, त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक असतो, आणि अस्सल हिंगाचा चीक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून येतो. आपल्याकडे लागवड लाहौल-स्पितीत २०२० मध्ये सुरू झाली, पण तो हिंग अजून आपल्या डब्यापर्यंत यायचाय. डबीवरची घटकांची यादी वाचा. पीठ पहिलं असेल तर स्वस्त डबी चिमूटभराऐवजी पाव चमचा मागेल. इथे महागडी डबीच स्वस्त पडते.

सुका जवळा तुम्ही जूनमध्ये घेतलात आणि भाव पाहून दचकलात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मासळी मिळेना की सुक्याला मागणी चढते. मेच्या मध्यावर घ्या, नौपाड्यातून किंवा बाजारातल्या सुक्या मासळीवालीकडून. घेताना मूठभर जवळा कागदावर पसरून हलवा आणि खाली किती वाळू पडते ते बघून मगच भाव ठरवा.